याक्को नुसता चाखून बघतो

१ एप्रिल, सकाळी ६

निवृत्तीचा पहिला दिवस. पाण्याचे मीटर बनवणाऱ्या कंपनीत सदतीस वर्षं काढली. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, काजितानींशिवाय डिपार्टमेंट कसं चालेल याची कल्पनाच करवत नाही. कल्पना त्यांनी आधीच केलेली असावी, कारण माझं टेबल शुक्रवारी दुपारीच हलवलं होतं. असो. झालं गेलं.

आजपासून रोज रोजनिशी. रोज कामो नदीपर्यंत चालणे. आणि मुख्य म्हणजे घरात समुद्र करायचा: मोठा टँक, खारं पाणी, जिवंत कोरल, मासे. मी तोयामाच्या किनाऱ्यावर वाढलेला माणूस. डोंगरांनी घेरलेल्या या क्योतोत बत्तीस वर्षं दम धरला, आता बास. पाणी हा माझा विषय आहे.

बायकोला, सुमिएला, सांगितलं. ती म्हणाली, समुद्रच घरात आला म्हणजे तुम्हाला आता बाहेर जायलाच नको. आनंद झाला तिला.

२ एप्रिल

चाललो नाही. पाऊस येईल असं वाटत होतं. आला नाही.

१३ एप्रिल, शनिवार

टँक आला. नव्वद सेंटिमीटर लांब. पाणी आणि दगड धरून अडीचशे किलो तरी होणार. कुठे ठेवायचा? सगळ्या घरात मजबूत लाकूड एकाच ठिकाणी आहे, पुढच्या खोलीतल्या तोकोनोमात. भिंतीतल्या त्या उंचवट्यावर एरवी काय असतं, तर मागे एक टांगलेलं चित्र आणि पुढे एक फुलदाणी. एवढ्या जागेत एवढंच! तेही आठवड्याला बदलायचं.

घर सुमिएचं, म्हणजे तिच्या आईचं. मी घरजावई. आडनावसुद्धा त्यांचंच लावतो. याच खोलीत आईंनी फुलांच्या मांडणीचा वर्ग सुरू केला, आता सुमिए चालवते. दर गुरुवारी अकरा बायका येतात आणि एका फांदीकडे पाऊण तास बघतात.

टँक बसवून झाल्यावर सुमिए दारात बराच वेळ उभी होती. म्हणाली, "छान झालं. आता फुलांकडे कोणाचं लक्ष जाईल ही काळजी नाही." स्वतःच्या कामाबद्दल फार विनयशील आहे ती. मग म्हणाली की नऊ नोव्हेंबरला आईच्या वर्गाला पन्नास वर्षं होतील, जुन्या विद्यार्थिनी येतील, या खोलीत फुलं मांडायची आहेत. तोवर तुमचा समुद्र किती मोठा झाला असेल, नाही?

म्हणजे पाहुण्यांना टँक दाखवायचा तिचा बेत आहे. तयारी जोरात करायला हवी.

१५ एप्रिल

शेजारचे उएमोरी भेटले. वय एक्याऐंशी, पंखे बनवायचे. बत्तीस वर्षं मला जावईबापूच म्हणतात.

क्योतोच्या माणसांचं एक आहे. तोंडावर काही बोलणार नाहीत. इथे सगळं लेकी बोले सुने लागे. निंदा करायची तर स्तुती करतील. कंपनीने बदली करून इथल्या ऑफिसात पाठवलं, नवा होतो, तेव्हा एक बाई म्हणाल्या, तुमचा आवाज किती खणखणीत आहे हो! मी चार वर्षं खणखणीत बोललो. मग कोणीतरी बाजूला घेऊन समजावलं. तेव्हापासून मला सगळं कळतं. बाहेरून आलेले लोक फसतात, मी फसत नाही.

उएमोरी म्हणाले, "जावईबापू, तुमच्याकडच्या पाण्याचा आवाज काय छान येतो हो. भिंतीला कान लावावा लागत नाही. म्हातारपणी नदीकाठी राहायला गेल्यासारखं वाटतं." बिचारा एकटा असतो. पंपाचा वेग एका आकड्याने वाढवला. शेजारधर्म.

८ जून, शनिवार

दोन महिने नुसतं पाणी आणि दगड होते. आता पाणी तयार झालं. सुमिएचा वाढदिवस होता म्हणून तिला कुसाकाबेच्या शोभेच्या माशांच्या दुकानात नेलं आणि कोरल निवडायला सांगितलं. तिने हानागाता घेतलं. फुलाच्या आकाराचं, मांसल, कडेला हिरवं, आत जांभळट. मी दुसरं सुचवत होतो, पण वाढदिवस तिचा.

१४ जून

सुमिए सकाळी उठून कोरलपुढे बसते. दिवा लागला की ते हळूहळू फुगतं, उलगडतं, वीस मिनिटांत ताटलीएवढं होतं. आज म्हणाली, "याला हात लावावा लागत नाही. आपलं आपण उमलतं." यात दुसरा अर्थ नसावा, आवाज वेगळा होता. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघून हसली.

मी सूप गार होतंय असं सांगितलं. मीठही जास्त होतं. नुसतं सांगितलं.

२२ जून, शनिवार

कोरल शोभेला ठीक, पण हलत नाही. टँकमध्ये जीव हवा. आज रुरी-याक्को नावाचा मासा आणला. बोटभर लांब, निळाजांभळा, पोटाशी नारिंगी. बघत राहावं असा.

कुसाकाबे विकायला तयारच नव्हता. ओसाकाचा माणूस. म्हणाला, "दादा, कोरलच्या टँकमध्ये याक्को म्हणजे जुगार. काही चोच मारत नाहीत, काही मारतात. आणि मारायला लागला तर तुमच्या बाईंचं ते हानागाता पहिलं जाणार. मग म्हणू नका सांगितलं नाही." या ओसाकावाल्यांना आडपडदा माहीत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, मासा माणूस बघून वागतो.

याक्को म्हणजे जुन्या सरदारांच्या घरचा नोकर. बाहीवर पांढरे चौकोन असायचे त्यांच्या. मालकाचं सामान उचलायचं, पुढे पुढे धावायचं. मला नाव फार आवडलं. बत्तीस वर्षांत या घरात माझ्या हाताखाली पहिल्यांदाच कोणीतरी आलं.

२४ जून

याक्कोने हानागाताला तोंड लावलं. चोच मारली असं म्हणता येणार नाही. नुसतं चाखून बघितलं. नवीन घरात आलेला कोणीही बघेल.

२५ जून

पुन्हा चाखलं. सहा वेळा मोजलं. पण प्रत्येक वेळी अगदी थोडं. कोरलवरची घाण साफ करत असावा. नोकरच तो.

सुमिएने टँकवर टिचकी मारून त्याला हाकललं. मी म्हटलं, काचेवर बोटांचे ठसे उठतात. तिने फडकं आणून ठसे पुसले. पुसल्यावरही एक डाग राहिला होता, तो दाखवला.

१८ जुलै, गुरुवार

उकाडा भयंकर. पाणी अठ्ठावीसच्या वर गेलं तर कोरल मरतात. म्हणून पुढच्या खोलीत एसी दिवसरात्र बावीसवर. वरच्या मजल्यावरही एसी चालवला तर घराचं मेन बटण पडतं, सबब वर बंद. सुमिए वर झोपते. मी खाली झोपतो, लक्ष ठेवायला कोणीतरी हवं.

सकाळी म्हणाली, "मासे नशीबवान हो." मी म्हटलं, माणसाने पाळायचं ठरवलं की नीट पाळावं.

वर्गातल्या सगळ्यांत ज्येष्ठ इसोदाबाई शाल गुंडाळून बसल्या होत्या. म्हणाल्या, तुमच्याकडे आलं की उन्हाळा कधी संपला तेच कळत नाही. खूश होऊन गेल्या. आज सात जणीच होत्या. उकाड्यामुळे असेल.

२३ जुलै

हानागाता तीन दिवस उघडलेलं नाही. अंग चोरून बसलंय, पांढरा सांगाडा कडेने दिसायला लागला. कारणं शोधली. दिव्याचा कोन. अमावस्या जवळ आहे. आणि उदबत्ती! आई गेल्यावर त्यांच्या नावाने मांडलेलं छोटं देवघर याच खोलीत आहे, सुमिए रोज तिथे उदबत्ती लावते. तो धूर पाण्यात उतरणार नाही तर काय? देवघर वरच्या मजल्यावर हलवायला सांगितलं. वर आईंना वाराही चांगला लागेल.

सुमिएने एकटीने हलवलं. जिन्यात म्हणाली, "आईने बिचारीने काय काय सांभाळून घेतलं." खरं आहे. सासूबाईंचं माझ्यावर फार प्रेम होतं.

याक्कोचा काही संबंध नाही. दिवसभर बघतोय. फक्त चाखतो.

२७ जुलै, शनिवार

कारण सापडलं. याक्को एकटा आहे. एकटं माणूससुद्धा काहीबाही तोंडात टाकत बसतं. त्याला सोबत हवी. दुसरा याक्को आणला, थोडा लहान.

कुसाकाबे म्हणाला, "घरात एक चोर शिरला म्हणून त्याला सोबतीला दुसरा नेताय?" मी ऐकून घेतलं. गिऱ्हाइकाशी कसं बोलावं हे कोणी शिकवलेलं नाही.

३० जुलै

दोघांची चांगली मैत्री झाली. मोठा लहान्याला दिवसभर टँकभर पळवतो. दमले की दोघं मिळून हानागातापाशी येतात.

आज सुमिएचा फोन चाळीस मिनिटं चालला होता. नुसतं सांगितलं. भातही मऊ झाला होता. तेही सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही घरी असता म्हणून हे सगळं लक्षात तरी येतं. खरं आहे, इतकी वर्षं कामाच्या रगाड्यात माझं घराकडे लक्षच नव्हतं.

२२ ऑगस्ट, गुरुवार

वर्ग आता इसोदाबाईंकडे भरतो. विद्यार्थिनी वाढल्या असणार, आमची खोली पुरत नसेल. सुमिए सकाळी जाते, संध्याकाळी येते. मंगळवारीही जायला लागली. मेहनती आहे.

दुपारी जेवण झाकून ठेवलेलं असतं. गार असतं. चालायला जायचा विचार केला, पण माशांना एकटं सोडवत नाही.

१२ सप्टेंबर

आज सुमिए आपणहून बोलायला बसली. म्हणाली, या दिवसांत तोयामाचा समुद्र किती सुंदर असेल. तिथे खारं पाणी दारात. तुमच्या माशांना तिथली हवा मानवेल. तुमच्या दादांचं मागचं घर रिकामंच आहे ना?

माझे डोळे भरून आले. बत्तीस वर्षांत सासरची, म्हणजे माझ्या माहेरची, चौकशी तिने कधी केली नव्हती. दोघांनी जायचं म्हणतेय! लग्नानंतर आम्ही कुठे गेलोच नव्हतो, आईंना बरं नसायचं.

मी म्हटलं, बघू, नोव्हेंबरनंतर. म्हणाली, "हो. नोव्हेंबरनंतर."

१९ सप्टेंबर

तिने माझ्या दादाला फोन केला. तासभर. मी खोलीत गेलो तर बाहेर अंगणात जाऊन बोलली. नाती जोडायला लागली आहे.

२ ऑक्टोबर

सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन माप घेऊन गेला. टँक मोजला, माझं कपाट मोजलं, माझी पुस्तकं मोजली. सुमिएचं काही मोजलं नाही. बायका इतक्या कमी सामानात प्रवास करतात हे मला माहीत नव्हतं.

माझे स्वेटर खोक्यात भरून वर 'कोहेई, हिवाळा' असं सुंदर अक्षरात लिहून ठेवलंय. इतकी काळजी. मी एवढंच सांगितलं की खोकं थोडं वाकडं चिकटवलंय.

१७ ऑक्टोबर

हानागाता गेलं. नुसता पांढरा सांगाडा राहिला, वर शेवाळ. वय झालं असावं. निसर्ग.

सुमिए काचेपुढे बसली होती, पूर्वी बसायची तशी. मी चहा मागणार होतो, पण थांबलो. तिने मागे न बघता म्हटलं, "एकदम कोणी खाल्लं नाही हो त्याला. रोज थोडं थोडं."

निरीक्षण चांगलं आहे तिचं. मी म्हटलं, अगं, ते नुसतं चाखत होते. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं.  ती बराच वेळ तिथेच बसून राहिली. मला का कोण जाणे खोलीत थांबवेना, बाहेर जाऊन पायरीवर बसलो.

८ नोव्हेंबर, सकाळी ९

उद्या पन्नास वर्षांचा कार्यक्रम. सुमिएने आग्रहाने सांगितलं की आपल्याच घरी करायचा, आईच्या खोलीत, टँकवर पडदा टाकून. पडदा! मी तिला आश्चर्याचा धक्का देणार आहे. दोन्ही याक्को पकडून कुसाकाबेला परत देतो आणि नवं हानागाता आणून मधोमध ठेवतो. ती इसोदाबाईंना आणायला गेली आहे. दुपारी तीनला येईल. काम अर्ध्या तासाचं.

सकाळी १०

याक्को दगडांच्या फटीत शिरतात. जाळी आत जात नाही. दगड बाहेर काढावे लागणार. ठेवायला बादल्या हव्यात.

१०.३०

बादल्या मिळाल्या. सात. मागच्या व्हरांड्यात होत्या, उद्याची शेवंती, मेपलच्या फांद्या आणि काय काय भिजत घातलं होतं त्यांत. फुलं काढून व्हरांड्यातच नीट एका ओळीत ठेवली. तासाभराने काय बिघडतंय. ऊन छान आहे.

१२

सगळे दगड बाहेर. लहान याक्को सापडला. मोठा एका दगडाच्या आतच बसून बादलीत गेला, कोणत्या बादलीत ते लक्षात येत नाही. पाणी कमी करावं म्हणून नळी लावून कुसाकाबेला फोन केला. नवं हानागाता नाही म्हणाला. कसं नाही यावरून जरा बोलाचाली झाली.

१२.४०

नळी बादलीबाहेर पडली होती.

१

सत्तर-ऐंशी लिटर तरी असेल. तातामीच्या चटया पाणी फार पितात. चार चटया फुगल्या आहेत. खारं पाणी असल्याने वास जाणार नाही, हे मला माझ्या विषयामुळे माहीत आहे. टँकमागे टांगलेलं चित्र आईंच्या हातचं, तेही भिजलं. काढून वाळत घालायला हवं होतं, पण शाई आधीच उतरली होती.

२.३०

फुलं माना टाकून पडली आहेत. एका बादलीत परत घातली. बादलीत खारं पाणी होतं हे नंतर कळलं.

चूक नळीची आहे. दुकानदाराने नळीला पकड द्यायला हवी होती.

८ नोव्हेंबर, संध्याकाळी

सुमिए आली. सोबत इसोदाबाई. दोघी दारातच थांबल्या. मी सगळं समजावून सांगितलं, तिच्यासाठीच करत होतो हेही सांगितलं. इसोदाबाई म्हणाल्या, "अगदी समुद्रात आल्यासारखं वाटलं." सुमिए काहीच म्हणाली नाही. एक चांगली गोष्ट बोलली असती तर बरं वाटलं असतं. तिने वरून देवघर उतरवलं, कापडात बांधलं, आणि दोघी ते घेऊन गेल्या.

९ नोव्हेंबर

कार्यक्रम इसोदाबाईंच्या घरी झाला. मला कोणी नको म्हटलं नाही, पण या असंही म्हटलं नाही. कोट घालून दोन वाजेपर्यंत बसलो होतो.

मोठा याक्को मिळाला. बादलीत मेला होता.

१० नोव्हेंबर, रविवार, सकाळी ११

सुमिए आली. समोर बसली. चपला दारात नीट लावल्या होत्या, म्हणजे फार रागात नसावी. तिने जे म्हटलं ते शब्दाला शब्द लिहून ठेवतो, म्हणजे नीट विचार करता येईल.

"अहो, मला तुमच्यासोबत राहायचं नाही. हे घर माझं आहे. महिनाअखेरीला तुम्ही तोयामाला जा. तुमच्या दादांना मी सगळं सांगितलंय, मागचं घर त्यांनी झाडून ठेवलंय."

चार वाक्यं. एकातही स्तुती नाही. टँकबद्दल चांगला शब्द नाही, हवापाण्याची चौकशी नाही. क्योतोत जन्मलेली बाई असं बोलत नाही. बत्तीस वर्षांत बोलली नाही. तेव्हा यात नक्की काहीतरी वेगळं आहे.

दुपारी ३

स्तुती केली की निंदा असते. तर मग सरळ 'नको' म्हटलं, तर त्याचा अर्थ? उलटं धरलं तर 'राहा' असा निघतो. पण मग दादाने घर का झाडलं?

दुपारी ४

'मला राहायचं नाही' यात 'आत्ता' हा शब्द गाळला असेल.

संध्याकाळी ६

असा शब्द ती गाळत नाही. सगळं पुरं बोलली.

११ नोव्हेंबर

उएमोरींकडे गेलो. या गल्लीत त्यांच्याइतकं जुनं कोणी नाही, त्यांना कळेल. त्यांनी चहा दिला. मी चारही वाक्यं वाचून दाखवली आणि विचारलं, यात आतला अर्थ काय असेल? त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. पुन्हा वाचली.

ते बराच वेळ अंगणाकडे बघत राहिले.  मग मीच बोलत सुटलो. जपून ठेवलेले स्वेटर, दादाला केलेला फोन, तोयामाच्या हवेचं कौतुक, सगळं सांगितलं. तुम्हीच सांगा, म्हटलं, जिला माणूस नकोसा झालाय ती बाई इतकं गोड बोलेल का? एवढं ऐकून त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत थट्टा नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"जावईबापू," ते म्हणाले, "उरलेला मासा वाट बघत असेल हो तुमची."

मला ताबडतोब कळलं. चहा अर्धा होता, तो तसाच ठेवून उठलो, आभार मानले, बाहेर आलो. गल्लीत उभं राहिल्यावर बाकीचंही कळायला लागलं. एकेक. एप्रिलपासूनचं. मग त्याच्याही मागचं, आईंच्या वेळचं. उएमोरींच्याच भिंतीला टेकलो. इतकी माणसं इतकी वर्षं माझ्याशी इतक्या सभ्यपणे बोलत होती, आणि मी प्रत्येकाला मान डोलावून थँक यू म्हणत होतो. लाज वाटली. फार वाटली.

पण कोणीतरी जा म्हणालं आणि मी पहिल्या शब्दाला उठलो, असं आयुष्यात प्रथमच झालं. हे सुमिएला सांगावं असं वाटलं. तिला बरं वाटलं असतं. घरी येऊन हाकही मारली. ती इसोदाबाईंकडे आहे, महिनाअखेरपर्यंत तिथेच राहणार आहे. खोकी वरच्या मजल्यावर आहेत, एकेक करून खाली आणायला हवीत.